आईच्या उजव्या डोळ्यातलं कडं

केळझरच्या घरी बसून मी पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची. कॅमेऱ्याच्या काचेवर बारीक दव साचलं की दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं, ते मला संगणकावर हुबेहूब घडवायचं होतं. प्रकाश एखाद्या कडेला घासून जाताना किंचित वळतो, त्याला विवर्तन म्हणतात. माझा प्रोग्रॅम एकेक किरण सोडायचा. थेंबाच्या कडेजवळून गेलेला किरण जास्त वळण्याची शक्यता, पण नेमका किती, ते फासे टाकल्यासारखं. एका किरणावरून काहीच कळत नाही. लाखो सोडले, प्रत्येकाच्या प्रकाशलहरीचा चढउतार धरून बेरीज केली, की पडद्यावर हळूहळू कडं उमटतं. आत निळसर, बाहेर लाल.

त्या संध्याकाळी आई समोर मेथी निवडत होती. बाबा वांग्याच्या वाडीतून यायचे होते. आईनं बल्बाकडे बघितलं आणि म्हणाली, "तुह्या पडद्यावरचं गोल मले आता बल्बाले बी दिसून राह्यलं."

मला मजा वाटली. "कोणते रंग?"

"आत निळा. भायेर लाल."

मी उठून बल्बाकडे बघितलं. मला काहीच दिसेना. चुलीचा धूर असता तर मलाही दिसलं असतं. मी तिला उजवा डोळा झाकायला सांगितला.

"आता?"

"आता नाई."

"डावा झाक."

"हाये. मोठ्ठं हाये."

हवेत काही नव्हतं. जे काही साचलं होतं, ते तिच्या डोळ्यात साचलं होतं.

"आई, डोळा दुखतो का?"

"सकायपासून कपाय ठणकून राह्यलं. उन्हाचं असन." एवढं बोलून ती मोरीकडे धावली आणि ओकली. परतली तेव्हा बुबुळाभोवती लालभडक झालं होतं.

बाबा दारात सायकल लावत होते. मी ओरडले, "शेजारच्या काकांची गाडी आणा! वर्ध्याला जायचंय!"

"काऊन, काय झालं?"

"आणा ना बाबा!"

गाडीत आईचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. समोरून ट्रक आला की मी विचारायची, "कडं दिसतं का?" ती हो म्हणायची. वर्ध्याच्या अलीकडे ती म्हणाली, "आता गोल नाई दिसत."

बाबा पुढून वळून म्हणाले, "चला, बरं झालं."

"आता नुसतं पांढरं हाये," आई म्हणाली. "तुहं तोंड बी नाई दिसत त्या डोयानं."

मी काकांना गाडी दामटायला सांगितली. माझा आवाज इतका चिरकला की ते दचकले. बाबा मागे हात करून आईचं पाऊल धरून बसले.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पापणीवरून डोळा चाचपला. "दगडासारखा झालाय. आतलं पाणी बाहेर जायची वाट बंद पडली. दाब चढला, म्हणून बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात बारीक थेंब साचले."

"डोळा जाईल?"

"औषधाचे थेंब टाकते, इंजेक्शन देते. दाब उतरला तर वाचेल." माझ्या प्रोग्रॅममध्ये थेंबाचा आकार हवा तसा बदलता यायचा. इथे मला काहीच बदलता येत नव्हतं.

दाब उतरला. दुसऱ्या दिवशी लेझरनं आईच्या डोळ्यातल्या रंगीत पडद्याला बारीक भोक पाडून पाण्याला वाट करून दिली. नजर परत आली. नाकाकडच्या बाजूला मात्र अंधूक राहिलं, ते कायमचंच.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे घराण्यात असतं. तुम्हीही बसा." माझी हनुवटी यंत्रावर ठेवून त्यांनी बराच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "तुमचीही वाट अरुंद आहे. आत्ताच भोक पाडून घेतलेलं बरं."

मला पळून जावंसं वाटलं. डोळ्यात भूल देणारा थेंब पडला, आणि समोर लेझरचा लाल झगमगाट सुरू झाला. तेवढ्यात कुणीतरी माझं मनगट घट्ट धरलं. आईच होती, एका डोळ्यावर पट्टी बांधलेली.

"हालजो नको," ती म्हणाली. "मी हावो इथंच."