फळ्याचा उजवा कोपरा

मे महिन्यातच मी पाचवीचा वर्ग कागदावर लावून टाकला होता. नऊ वर्षं मी दुसरी शिकवली. जूनपासून पाचवी माझ्याकडे येणार, हे हेडसरांनी सुट्टी लागायच्या आधीच सांगितलं होतं. "पाचवीची पोरं ना लहान, ना मोठी. पहिल्या आठवड्यात धरलीत तर वर्षभर हातात," असंही ते म्हणाले होते. मी ते फारच मनावर घेतलं. दोनशे पानी वही आणली आणि पट्टी घेऊन बाकांचा नकाशा काढला. पाणी प्यायला कुठल्या रांगेनं आधी जायचं, वह्या कुणी गोळा करायच्या, खिचडीच्या आधी हात धुवायला कसं निघायचं, सगळं ठरवलं. उंटावरून शेळ्या हाकायची मला हौसच आहे.

त्या वहीतला माझा सगळ्यात लाडका नियम मॉनिटरचा होता. हजेरीपटाच्या क्रमानं दर आठवड्याला नवा मॉनिटर. मी वर्गात नसताना जो दंगा करेल, त्याचं नाव त्यानं फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचं. मी शाळेत होते तेव्हाही हेच चालायचं. फरक एवढाच की आमच्या वेळी गावातल्या वजनदार घरचं मूलच मॉनिटर व्हायचं, आणि आता प्रत्येकाची पाळी येणार होती. केवढा न्याय, असं वाटून मी त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

आमची शाळा शहराच्या कडेला, नांदे गावाच्या पुढे आहे. वर्गातली निम्मी मुलं गावातली, ज्यांच्या भाताच्या खाचरांत आता खोल्यांच्या रांगा उभ्या आहेत. उरलेली निम्मी त्या खोल्यांतून भाड्यानं राहणाऱ्यांची. हे मला ठाऊक होतं, पण वहीत त्याबद्दल एक ओळ नव्हती.

जुलैत मॉनिटर व्हायची पाळी एका मुलीवर आली. तिचे वडील इमारतींना रंग द्यायचं काम करायचे. दोन वर्षांपूर्वी ते कुटुंब लातूरकडून इकडे आलं होतं. पोरगी कमी बोलणारी आणि कामाला चोख. त्या आठवड्यातल्या मंगळवारी मी ऑफिसात माहिती भरत होते आणि आमच्या वर्गातला एक आवाज व्हरांडाभर घुमत होता. आवाज कुणाचा ते मला न बघताही कळत होतं. गावातल्याच एका घरचा मुलगा, मनानं चांगला, पण तोंडाला झाकण नाही.

वर्गात गेले. फळ्याचा कोपरा कोरा.

"कोण ओरडत होतं?"

"कोनीच नाही, बाई," ती म्हणाली.

"मला बहिरी समजतेस? मॉनिटरच खोटं बोलायला लागला तर झालंच!" मी तिच्या हातातला खडू काढून घेतला, सगळ्यांच्या देखत मॉनिटरपद दुसऱ्या मुलाला दिलं आणि तिला शेवटच्या बाकावर पाठवलं. ती रडली नाही. मला तर उलट आपण कसं नियमाला धरून वागलो, याचा अभिमान वाटला. आता आठवलं की कान गरम होतात.

खिचडीच्या वेळी तो बोलका मुलगा ताट घेऊन माझ्याजवळ आला. "बाई, तिला कशाला वरडला? ती माजं नाव लिवनारच न्हाई. आमच्या खोलीत ऱ्हात्यात ती. मागल्या साली चौथीत लिवलं व्हतं, तर मम्मीनं दोन दिस त्यांचं पानी बंद केल्तं."

त्याच्या बोलण्यात खोडसाळपणा नव्हता की गुर्मी नव्हती. आज आमटी पातळ आहे म्हणावं, तसं त्यानं सांगितलं आणि तो खिचडी वाढून घ्यायला गेला.

दहा वर्षांच्या पोरीच्या हातात मी खडू दिला होता आणि तिच्या घरचा नळ पणाला लावला होता. वर खोटारडी म्हणून मोकळी झाले होते. संध्याकाळी घरी येऊन ते दोन रेघांचं पान फाडलं. त्या मुलाच्या आईशी भांडायला जावं, असंही मनात येऊन गेलं. पण माझ्या भांडणापायी पुन्हा त्या पोरीच्याच घरचं पाणी बंद झालं असतं. मग ठरवलं, जे माझ्या हातात आहे ते तरी सुधारायचंच. या वर्गात कुणी कुणाचं नाव लिहिणार नाही. ज्याची चूक त्यानं आपलं नाव आपण लिहायचं, खाली काय केलं तेही लिहायचं. आणि ज्याला त्रास झाला असेल, त्यानंच ते पुसायचं.

हेडसर हसले. "म्हणजे चोरानं आपल्या पायानं चौकीत जायचं?"

"जाऊन तर बघू," मी म्हटलं.

बुधवारी नियम सांगितला. गुरुवारचा दिवसही संपला, पण कोपरा कोराच. दंगा मात्र जोरात. मुलं एकमेकांकडे बघून हसत होती, आणि हेडसर येता-जाता दारातून डोकावत होते. मी हट्टाला पेटले होते. हा नियम मी सोडणार नव्हते.

शुक्रवारी प्रार्थना झाल्यावर मी खडू घेतला आणि कोपऱ्यात लिहिलं, 'बाई'. त्याखाली लिहिलं, 'न विचारता शिक्षा केली.' मी शेवटच्या बाकाकडे बघून म्हटलं, "ये, पूस." आता ती येईल, पुसेल, आणि माझ्या मनावरचं ओझं उतरेल, अशी माझी कल्पना.

ती आली. डस्टर हातात घेतलं. दोन्ही ओळी वाचल्या, मग माझ्याकडे पाहिलं. डस्टर खाली ठेवलं.

"आज राहू द्या, बाई. उद्या पुसते."

कुणीतरी "आयला" म्हणालं. नियम माझाच होता, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. दिवसभर मी त्या कोपऱ्याशेजारी उभी राहून अपूर्णांक शिकवले. हेडसर फेरीला आले, फळा वाचला, माझ्याकडे बघितलं. मी तीन छेद चार समजावत राहिले. लाज वाटत होती, नाही कशाला म्हणू? पण मंगळवारी जिला खरं सांगायची सोय नव्हती, ती आज सगळ्या वर्गासमोर मला, तिच्या बाईंना, नको म्हणाली होती.

शनिवारी सकाळची शाळा. मी पोचले तेव्हा सगळा फळा लख्ख पुसलेला होता, तेवढा कोपरा सोडून. ती डस्टर घेऊन माझी वाट बघत उभी होती.