नाल्याकाठचं माझं झाड

फाल्गुन लागला की मला शहरातली नोकरी नकोशी होते. साहेबांना काहीतरी थाप मारते आणि कुरखेड्याची एसटी धरते. आमच्या गावात प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली आहेत. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. नाल्याकाठचं शेवटचं झाड आईनं मला लहानपणीच देऊन टाकलं होतं. त्या झाडासाठी माझा जीव तुटतो. आणि एका बाईसाठी.

आठवीत मी आश्रमशाळेच्या वसतिगृहात होते. मोह पडायच्या दिवसांत सुट्टी लागायची. पोरी आधीपासून गाठोडी बांधायच्या अन् मी माझे कपडे पेटीतच ठेवायची. घरी काका होता. त्यानं माझ्याशी जे केलं, ते मी आईलाही सांगितलं नव्हतं. घराची ओढ तर अशी की रडू यायचं, पण पाय उचलत नव्हता.

आठवड्यातून एकदा मूल गावाहून समुपदेशक ताई यायच्या. ऑफिसात बोलावलं की साऱ्या शाळेला कळतं, म्हणून त्या चिंचेखाली बसायच्या आणि सगळ्याच पोरींना आळीपाळीनं बोलवायच्या. माझी पाळी आली तेव्हा चिंचा सोलता सोलता मी विचारलं, "कोणाले सांगणार नाई ना?"

"तुले खोटं नाई सांगत," त्या म्हणाल्या. "कोणी तुले त्रास देत असन, तर मले पुढं सांगावंच लागते. पण तुले न सांगता काहीच नाई करणार."

मला असा राग आला! गोड बोलून फसवणारी माणसं परवडली, असं वाटलं. उठून गेले. पण पुढच्या आठवड्यात मीच जाऊन बसले, कारण माझ्याशी खोटं न बोललेलं मोठं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. सगळं सांगितलं. 'मग तू ओरडली काऊन नाई' असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. "तुझी काही चूक नाई, बाई," म्हणाल्या. मी ओढणीत तोंड खुपसून रडले.

मग साध्या कपड्यात पोलीस मॅडम आल्या. मी जबाब देत होते तेव्हा ताई शेजारून हलल्या नाहीत. काकाला नेलं. घरी आजोबा माझ्यावर भडकले होते, पोरीला जबाब फिरवायला लावतील अशी सगळ्यांना भीती. म्हणून ठरलं, सुट्टीत हिला इथंच ठेवा. अधीक्षिका म्हणाल्या, टीव्ही पाहू देऊ. टीव्ही म्हणे!

"गुन्हा त्यानं केला, अन् घर माझं काऊन सुटते?" मी ताईंनाच विचारलं.

त्या म्हणाल्या, "बरोबर आहे तुझं. यंदा नाई जमणार. पण तुझ्या आईकडं मी जाईन."

ती सुट्टी मी रिकाम्या वसतिगृहात काढली. ताई यायच्या. सगळं ठीक होईल वगैरे नाही. म्हणायच्या, "झाडाचं सांग." मी सांगायची. पहाटे फुलं टपटपतात, आधी खालचा पाला लोटून घ्यावा लागतो, वासानं डोकं जड होतं.  एकदा त्यांनी विचारलं, "हे तुझ्या आईले सांगू काय?" मी मान डोलावली. त्या घरी जायच्या, पण आई त्यांच्याशी बोलत नव्हती, तेही त्यांनी लपवलं नाही.

दिवाळीनंतर त्यांचं कंत्राट संपलं. नव्या ताईंशी माझी ओळख करून दिली, डोक्यावर हात ठेवला आणि गेल्या.

पुढच्या फाल्गुनात आई वसतिगृहाच्या फाटकाशी उभी होती. पदराच्या गाठीत मोहफुलं.

"म्या चूल वेगळी केली," ती म्हणाली. "तुझ्या आजोबाले सांगतलं, पोरीले काही बोलायचं असन तर आधी मले बोला. मागच्या साली तुझ्या झाडाखाली कोणाले वेचू नाई देल्लं. आता पाला लोटून आली. चाल."

ताई गेल्यात हे विसरून मी आनंदानं आधी चिंचेकडे धावले. तिथं कोणी नव्हतं.

आजही वेचता वेचता माझी नजर नाल्यापलीकडच्या वाटेकडे जाते. आई म्हणते, "टोपली कधी भरन तुझी?" भरेल. एवढं विचारून विचारून ऐकलेलं झाड ताईंनी कधी पाहिलंच नाही. त्या या वाटेनं आल्या पाहिजेत, फार वाटतं. घर माझं सुटलं नाही, हे त्यांना सांगायचं आहे.