आहेराच्या मिक्सरमधलं लोह

महाराणा प्रताप नगरातल्या आमच्या लॅबमध्ये डाळी, चणे, राजमा तपासायला येतात. लोह-जस्त किती, शिसं-कॅडमियम किती, ते आम्ही सांगायचं. सॅम्पल संपतात, किस्से साचत जातात. मी एम.एस्सी. अर्धवट सोडलेला, सॅम्पल दळणारा. मोठी माणसं मला मोजत नाहीत, म्हणून माझ्यासमोर वाट्टेल ते बोलतात. भोगा आता.

*

हबीबगंजच्या एका व्यापाऱ्यानं तूर आणली. एकेक दाणा निवडून, पुसून चकचकीत केलेला. म्हटलं, भैया, दुकानात विकता तीच मूठभर आणायची होती. तो म्हणाला, "लड़की दिखाने लाए हैं, तो मुँह धुलाकर ही लाएँगे ना."

आमच्या लॅबच्या सरांनी त्याला चहा पाजला.

*

बाग सेवनियाचे एक रिटायर्ड इंजिनियर काका घरची चणाडाळ घेऊन आले. कॅडमियमच्या धास्तीनं काकूंना दोन आठवडे पुरण करू दिलं नव्हतं. रिपोर्ट चांगला आला. काकांनी खाली जाऊन निवांत सिगारेट पेटवली. काका, कॅडमियम हिच्यातही असतं, मी सांगितलं.

"मी डाळीचं विचारलं होतं," काका म्हणाले.

*

आमचे सर लॅबचे मालक, पीएच.डी. सॅम्पल दळायला त्यांनी घरचा मिक्सर ठेवलाय, स्वतःच्या लग्नात आहेर आलेला. पातं झिजून अर्धं झालंय. मी विचारलं, झिजलेलं पातं गेलं कुठे? सॅम्पलमध्येच ना? म्हणून तर आपल्याकडे प्रत्येक डाळीत लोह भरभरून निघतं.

"आधी डिग्री पूर्ण कर. मग मिक्सरवर बोल."

*

हेही चाललं असतं. पण सरांची सून, मेघनावहिनी, आमच्या रिसेप्शनवर बसते. सातवा महिना, हिमोग्लोबिन कमी. सरांनी मसुरीचा रिपोर्ट पाहिला आणि तिच्या लोहाच्या गोळ्या बंद करून टाकल्या. रोज डबाभर मसूर. डॉक्टरला म्हणे काय कळतं, आकडे तर आपल्या लॅबचे आहेत. सरांचे चिरंजीव बाजूला बसून मान डोलावतात. वहिनीला मात्र जिना चढून आली की पाच मिनिटं शब्द फुटत नाही.

मी तिला मिक्सरचं सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. बाबांना सांगून काही होणार नाही, म्हणाली, दाखवावं लागेल.

*

दुसऱ्या दिवशी वहिनीनं रजिस्टरमध्ये एक सॅम्पल चढवलं. नाव लिहिलं मूगडाळ. पुडीत होती घरून आणलेली खडीसाखर. मी ती त्याच मिक्सरमध्ये दळली, बाकीच्यांसारखीच ॲसिडमध्ये विरघळवली, मशीनला लावली.

संध्याकाळी आकडे आले. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, झोकात सही ठोकली आणि सुनेला हाक मारली.

"मेघना, बघ हे लोह! मसूर राहू दे. उद्यापासून ही मूगडाळ शिजव."

वहिनीनं पर्समधून गोळी काढली, त्यांच्यासमोर पाण्याबरोबर गिळली. मग पुडीतली उरलेली खडीसाखर त्यांच्या सहीवर ओतली.

"शिजवू, बाबा, की तुमच्या चहात घालू?"