सात वाटे झालेला पत्रा

मी नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे आणि उरलेल्या वेळात काशाच्या पत्र्यांवर कोरलेले जुने ग्रीक लेख अभ्यासायचे. तेही पुस्तकांतल्या फोटोंवरून. कुठलं अक्षर पूर्ण, कुठलं अर्धं, कुठलं गेलेलं, याच्या याद्या करायच्या. खरा तुकडा कधी हातात आला नव्हता.

दुष्काळात निलंग्याकडे तलावाचं काम चालू होतं. तिथं खणताना काशाचा एक पत्रा निघाला; त्यावरची मुकादमानं कागदावर उतरवलेली चार अक्षरं हस्ते परहस्ते माझ्यापर्यंत आली. ती ग्रीक होती. तेरच्या बाजारात एके काळी समुद्रापलीकडचा माल यायचा, अशक्य नव्हतं. मी पहिली एसटी पकडली.

पोचले तोवर मजुरांच्या टोळीनं पत्र्याचे सात तुकडे केले होते.

"जमिनीतलं एकट्यानं ठिवलं की वंश बुडतो, बाई," एक मजूर म्हणाला. "म्हणून सात वाटे. वाळल्या भाकरीगत तुटला बघा."

त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मारली नाही. झोपड्या फिरले, तुकड्यांवर पातळ कागद धरून पेन्सिल घासली, सहा तुकड्यांवरची अक्षरं उतरवली. सातवा तुकडा ओळीच्या मधला; तो ज्याच्याकडे होता तो मात्र अडला. "बायकोला इचारतो. उद्या या."

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला. हे कुठल्या कचेरीत कळवायचं, लातूरच्या की जुन्या जिल्ह्याच्या, कुणालाच सांगता येईना. मी यादी केली: नाव, झोपडी, अक्षरं, शेरा. सातव्यापुढे शेरा लिहिला, 'नकार'. एक प्रत मुकादमाला दिली. तुकडे गोळा करून ठेवा म्हटलं.

सकाळी मुकादमाच्या टेबलावर सहा तुकडे होते. दोघा मजुरांची डोकी फुटली होती. सातवा माणूस बांधाला टेकून बसलेला, मनगट उलटं लोंबत होतं. मुकादम फावड्याचा दांडा पुसत होता. "नकार म्हनं! आता व्हय म्हनतोय."

तेवढ्यात त्या सातव्याची बायको आली. तुकडा तिच्या मुठीत होता. तिनं तो दगडावर ठेवला आणि घण उचलला.

मी ओरडले, "थांबा! आधी पेन्सिल फिरवू द्या!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "नवऱ्याचा हात मोडला, अन् तुला पेन्सिल?"

घण बसला. मग पुन्हा. पुन्हा. हिरवा चुरा तिच्या पायांवर उडाला. मला एकही अक्षर दिसलं नाही.

कामावरच्या जीपमध्ये घालून मी त्या नवराबायकोला लातूरच्या दवाखान्यात नेलं. वाटेत खड्डा आला की तो गुरासारखा हंबरायचा. दवाखान्यात विचारलं, कशानं झालं? मी मुकादमाचं नाव सांगायला तोंड उघडलं, तर तिनं माझा दंड इतका आवळला की नखं रुतली.

"पडला म्हना," ती म्हणाली. "सोमवारी मला त्याच्याच हाताखाली खडी फोडायचीय."

कागद माझ्यापुढे सरकवला होता. मी लिहिलं: पडून.