वाकड्या देठाची कैरी

काशीला निघालो तेव्हा डोकं अगदी साफ होतं. तीस वर्षं साताऱ्यात जीवशास्त्र शिकवलं. निसर्ग नक्कल करताना चुकतो, एखादी चूक टिकते आणि त्यातून नवं निपजतं. माणसाची कलाही तशीच, हे माझं लाडकं मत. लेकीच्या लग्नाची साडी घेता घेता त्याचा पुरावाही मिळेल, असं वाटत होतं.

रामघाटावर मावसबहीण कुमुदकडे उतरलो. सकाळी तिनं चुडा-मटर (तुपात परतलेले पोहे आणि मटार) पुढे ठेवला.

"आपले पोहे इथं येऊन बदलले बघ," मी खुशीत म्हणालो.

"नाही रे दादा, हे इथलंच आहे. आपण नाही आणलेलं."

पहिला पुरावा असा नाश्त्यालाच गेला.

कुमुदबरोबर नावेनं मुन्शी घाटावर उतरलो आणि गल्ल्यांतून पायी तिच्या ओळखीच्या हनीफचाचांकडे गेलो. हे विणकर, नक्षीही स्वतःच काढतात. मागावर भोकं पाडलेले पत्ते (नक्षी ठरवणारे पुठ्ठे) ओळीनं बांधून टांगले होते. त्यांनी दोन साड्या उलगडल्या. एकीवर सरळ देठाच्या कैऱ्या, दोन महिने खपून काढलेल्या. दुसरीवर देठ मधेच डावीकडे वाकलेला. चाचा चष्मा न लावता बसल्यामुळे चार पत्ते उलट्या क्रमानं बांधले गेले होते.

"व्यापारी आज शामला, दिवे लागताना येतो," कुमुद म्हणाली. "दोन्हीतलं एकच डिझाईन चालू ठेवायचंय."

चाचांनी मलाच विचारलं, "मास्टर साहब, आप कौन-सी लेंगे?"

मी वाकडी उचलली. खोटं कशाला बोलू, तीच जिवंत वाटत होती. भरात येऊन निसर्गाच्या चुकांवर छोटं व्याख्यानही ठोकलं. माझं हिंदी कुमुदनं सावरून घेतलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"और जो नहीं चुना जाता," त्यांनी विचारलं, "कुदरत को उसका दुख होता है?"

तीस वर्षांत एकाही मुलानं हे विचारलं नव्हतं. मला फार ओशाळल्यासारखं वाटलं. चाचांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला, सरळ कैरीचे चार पत्ते सोडले आणि एकेक मोजून ते उलटे बांधायला घेतले. आता याला चूक म्हणायचं की कला, मला कळेना. परतीच्या गाडीतही कळलं नाही.

घरी लेकीनं साडी अंगावर धरली. "बाबा, किती सुंदर. कुणी काढली ही नक्षी?"

चाचांचं नाव ओठांवर आलं होतं. पण त्यांनी काढलेली नक्षी तर मी तिथंच ठेवून आलो होतो.