दर शुक्रवारी बोनेट उघडायचं

रेहाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाशीमला मुलाकडे होते. जीप पकडून कामरगावला पोचले, तोवर तिला कब्रस्तानात पोचवून माणसं परतलीही होती. अंगणातल्या खुर्च्या एकात एक रचून ठेवल्या होत्या आणि बायका आपसात म्हणत होत्या, "नशिबाची होती. नवरा परदेशात राहून दर जुम्म्याले फोन करे." आता चाळिसाव्या दिवसाचा विधीही होऊन गेला. ते फोन कसले होते, हे तिच्या शेजारी इतकी वर्षं राहिलेल्या मला ठाऊक आहे, आणि ते मनात ठेवून मला जेवण जात नाही...

रेहाना पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. तिचा नवरा अन्वर आधी मुंबईत एका शेठकडे ड्रायव्हर होता. शेठनं बंद पडलेली एक जुनी जपानी गाडी त्याला देऊन टाकली. लाल, बुटकी, दोनच दारांची. ती ट्रकवर घालून त्यानं गावी आणली, घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये उभी केली आणि स्वतः मस्कतला निघून गेला. गावातला मेकॅनिक एकदा बोनेट उघडून बराच वेळ डोकावला आणि म्हणाला, "भाभी, याले पिस्टनची जागाच नाही दिसून राह्यली!" ते खरंच होतं. रोटरी इंजिन ते. त्यात वरखाली होणारे पिस्टन नसतात, तिकोनी चकती आतल्या आत फिरते. मेकॅनिकनं बोनेट लावलं आणि पुन्हा तिकडे फिरकला नाही. अन्वरचे फोन यायचे ते घरी असलेल्या त्याच्या आईला. रेहानाच्या वाट्याला "सब ठीक?" एवढंच. सासू वारल्यावर तेही थांबलं.

आणि मग एका शुक्रवारी, दुपारच्या नमाजनंतर, त्याचा व्हिडिओ कॉल आला. "जरा बोनेट खोल. अंदर क्या क्या है, दिखा." पुढच्या शुक्रवारी पुन्हा आला, त्याच्या पुढच्यालाही. शुक्रवारी रेहाना सकाळीच मशीन झाकून ठेवायला लागली. केस विंचरायची, ईदचा दुपट्टा घ्यायची. मी एकदा म्हटलं, "अवं, फोन तं तू इंजिनावर धरते. तुहं तोंड कुठी दिसते त्यायले?"

ती हसली. "कधी तरी तं कॅमेरा फिरव म्हणतीन ना, ताई."

त्या इंजिनातलं त्याला तरी कुठं काय कळत होतं? तो विचारायचा, ती शोधायची. घासलेटचा बोळा आणि जुना टूथब्रश घेऊन तिनं एकेक भाग पुसला, म्हणजे त्यावरची अक्षरं वाचता यावीत. बेल्टवर फिरणारा एक डबा पाहून अन्वर म्हणाला, हा एसीचा कॉम्प्रेसर. रेहानानं त्याचा पाइप हातानं चाचपत शेवटपर्यंत नेला, तर तो निघाला सायलेन्सरच्या बाजूला. "एसीची हवा तिकडं कायले जाईन?" तिनं त्याला विचारलं. त्यानं कुणाला तरी फोटो पाठवला आणि नंतर म्हणाला, "तू बराबर बोली. एअर पंप है वो." हे तिनं मला त्याच संध्याकाळी सांगितलं, दुसऱ्या दिवशी पाणी भरताना पुन्हा सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. तू बरोबर आहेस, असं तो पहिल्यांदाच म्हणाला होता. इंजिनाच्या समोरच्या छोट्या पंपातून आत तेल सोडणाऱ्या बारीक नळ्याही तिनंच ओळखल्या. "हे इंजिन तेल पेते, ताई. बिघाड नाही तो. त्याले पाजाच लागते." मी विचारलं, एवढं सगळं कशासाठी? तर म्हणाली, "चालू करासाठीच विचारून राह्यले ना. येणार असतीन."

आले ते ट्रक घेऊन दोन अनोळखी माणसं. त्यांच्या मोबाइलमध्ये तिनंच काढलेले फोटो होते. एअर पंप, नळ्या, प्लगांना वीज देणाऱ्या कॉइल, शेवटी इंजिनसुद्धा... पुसून लखलखीत केलेलं सगळं त्यांनी उतरवून गोणपाटात गुंडाळलं. रेहाना जवळ उभी राहून नावं सांगत होती. "गाडी चालू कुठी करणार?" तिनं विचारलं. त्यातला एक म्हणाला, "बाई, गाडी कोणाला पाहिजे? तुमच्या मालकांनी पार्ट विकलेत." तिनं अन्वरला फोन लावला. उचलला नाही. पुढच्या शुक्रवारी तिनं केस विंचरले. फोन आला नाही.

त्यानंतर ती कामात लक्ष घालेना. कावीळ अंगावर काढली. वाशीमला जाण्याआधी मी शेवटची भेटले तेव्हा डोळे हळदीसारखे झाले होते, उठून बसवत नव्हतं. तेवढ्यात फोन वाजला. अन्वरच होता. दोन कॉइलमधली कोणती कुठली, हे पार्ट विकत घेणाऱ्याला कळत नव्हतं. पडल्या पडल्या रेहानानं सांगितलं, पिवळी खूण आहे ती आधी ठिणगी देणाऱ्या प्लगांची, दुसरी मागून देणाऱ्यांची. "ठीक है," तो म्हणाला आणि फोन कट झाला. बायकोचा आवाज असा खोल का गेलाय, हे त्यानं विचारलं नाही. रेहाना फोन छातीवर ठेवून म्हणाली, "आज आवाज किती साफ होता नाही?"

चाळिसाव्याला अन्वर आला. मी शेडमधली सतरंजी घ्यायला गेले, तर तो बोनेट उघडून रिकाम्या खड्ड्यात पाहत होता. मला बघून म्हणाला, "भाभी, इतना सब वो कायको सीखी होगी?"

"तुमच्यासंग बोलाले," मी म्हटलं.

तो काहीतरी म्हणणार होता. पण खिशातला फोन वाजला, आणि तो कानाला लावून बाहेर गेला.