तळहाताएवढं पापलेट
पापलेट तळल्याचा वास आला की ऐंशीच्या दशकातलं अंधेरीचं ते हॉस्पिटल आठवतं, जिथे मी शिकाऊ डॉक्टर होते. खारदांड्याची एक मावशी घास अडकतो म्हणून आली. कोळीण म्हटल्यावर मी घशातला काटाच धरून बसले. माझ्याबरोबरच्या डॉक्टरणीने मात्र काटा लागला का, हे तिलाच विचारलं. मावशी हसली, "कोलणीला कदी काटा लागतो काय गो?" मग आत दुर्बीण घातली, तर अन्ननलिकेचं अस्तर कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटत होतं. असा आजार आमच्या सरांनीही फक्त पुस्तकात वाचला होता. वॉर्डभर त्या डॉक्टरणीचंच कौतुक. नीट जेवायला लागल्यावर मावशीने आम्हा दोघींना पापलेट आणलं, तिला ताटाएवढं, मला तळहाताएवढं. "तू पन चांगली हायस," म्हणाली. आजही बाजारात मी सगळ्यात मोठंच पापलेट उचलते, आणि घरात खाणारी मी एकटीच.